बरा झालास, पण तुझी फाईल कुठंय?

लहानपणी कॅन्सर झाला, उपचार झाले, पोरगं बरंही झालं. आता ते तुमच्याच वर्गात, तुमच्याच बाकावर बसतं. बरं झाल्यानंतरची पुढची पन्नास-साठ वर्षं तब्येत कशी सांभाळायची, हे त्याला कुणी सांगितलंय का?

घराघरात एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात सातबारा, रेशन कार्ड, आजोबांचा जुना फोटो, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या. काही घरांत याच पेटीच्या तळाशी एक जाडजूड फाईलही असते. फाईलवर हॉस्पिटलचं नाव, एक केस नंबर आणि एका लहान मुलाचं नाव.

ते लहान मूल आता वीस वर्षांचं झालंय. भोकरदनचं समजा, नाहीतर परतूरचं. जालन्याला कॉलेजात आहे, एसटीनं येतं-जातं, रात्री जागून रील्स बघतं आणि पहाटे भरतीसाठी पळायला जातं. त्याला एवढंच माहितीये की लहानपणी आपण फार आजारी होतो, मुंबईला होतो, वाचलो. कॅन्सर हा शब्द घरात काढायचा नाही. काढलाच तर ‘ते दुखणं’ म्हणायचं. एखाद्या दिवशी त्यानं विचारलंच, तर आई म्हणते, ‘आता कामून उकरून काढायलास ते? झालं ना बरं!’

आईचं काही चुकत नाही. त्या वॉर्डातल्या रात्री तिनं काढल्यात, तिला परत तिकडं जायचं नाही. पण ‘झालं ना बरं’ या तीन शब्दांत एक मोठी गोष्ट राहून जाते. कॅन्सर बरा होतो तो औषधांनी, ऑपरेशननं, शेक दिल्यानं, म्हणजे रेडिएशननं. हे उपचार वाढत्या अंगावर झालेले असतात. त्यांच्या काही खुणा लगेच दिसतात आणि काही दहा-वीस वर्षं गप्प बसतात. कोणत्या खुणा कुणाच्या अंगात गप्प बसल्या असतील, हे सांगणारी एकच गोष्ट घरात असते. पेटीतली ती फाईल.

सदाफुलीची गोष्ट

आधी हे समजून घेऊ, की अशी मुलं आता एवढी दिसतात कशी. आपल्या आजी-आजोबांच्या काळात लहान मुलाचा ब्लड कॅन्सर म्हणजे काही आठवड्यांचा, फार तर काही महिन्यांचा खेळ. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर या डॉक्टरांनी पहिल्यांदा दाखवलं की औषधानं हा आजार थोडा काळ का होईना, मागे हटतो. १९६२ मध्ये अमेरिकेत मेम्फिसला सेंट ज्यूड हे लहान मुलांचं हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा सर्वांत जास्त आढळणाऱ्या ब्लड कॅन्सरमधून शंभरातली चारेक मुलं वाचत होती. आज श्रीमंत देशांत त्याच आजारातून दहातली नऊ वाचतात.

हे एका जादूच्या गोळीनं झालं नाही. चार-पाच औषधं एकत्र, ठरलेल्या क्रमानं, दोन-अडीच वर्षं चिकाटीनं देत गेल्यावर झालं. त्यातलं एक औषध तुमच्या अंगणात आहे. व्हिनक्रिस्टिन सदाफुलीपासून मिळतं. कॅनडातले संशोधक सदाफुलीच्या पानांनी शुगर कमी होते का, हे बघत होते. शुगर काही हलली नाही, पण पांढऱ्या पेशी भराभर कमी झाल्या आणि तिथून या औषधांचा शोध लागत गेला. (आपल्याकडं अजूनही लोक शुगरसाठी सदाफुलीची पानं चावतात. हे वाचून तरी थांबा.)

भारतातही हे घडलं. टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ पासून ‘एमसीपी ८४१’ नावाची ठरीव उपचारपद्धती वापरायला सुरुवात केली. मुंबई, दिल्ली आणि चेन्नईच्या मोठ्या हॉस्पिटलांनी ती चालवली आणि ब्लड कॅन्सरची मुलं घरी परतायला लागली. अर्थात, सगळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलामुलींना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ऐंशी टक्क्यांहून जास्त बरी होतात, गरीब देशांत तीस टक्क्यांहूनही कमी. फरक आजाराचा नाही. निदान वेळेत होतं का, औषध मिळतं का आणि उपचार मध्येच सोडावे लागतात का, यावर तो ठरतो.

तर आपल्या वर्गातलं ते पोरगं या सगळ्यातून पार पडून आलेलं असतं.

बरं होणं पुरेसं नाही

‘नुसतं बरं होणं पुरेसं नाही’ अशा अर्थाचा लेख अमेरिकेतले डॉक्टर ज्यूलिओ डँजिओ यांनी १९७५ मध्येच लिहिला होता. तेव्हा बऱ्या होणाऱ्या मुलांची पहिली मोठी तुकडी नुकतीच शाळेत परतत होती. त्यांचं पुढं काय होईल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते कळायला आणखी तीस वर्षं लागली. १९७० ते १९८६ या काळात कॅन्सरचं निदान झालेल्या आणि त्यातून वाचलेल्या दहा हजारांहून जास्त जणांचा अभ्यास अमेरिकेत झाला. त्याचे निकाल २००६ मध्ये आले, तेव्हा या मंडळींचं सरासरी वय सत्तावीसच्या आत होतं, म्हणजे आपल्यापेक्षा थोडी मोठी. त्यांच्यातल्या ६२ टक्के लोकांना कायमचा असा किमान एक तरी त्रास होता. साधारण २७ टक्क्यांचा त्रास गंभीर किंवा जिवावर बेतणारा होता. त्यांच्या सख्ख्या भावंडांशी तुलना केली, तर गंभीर त्रासाचा धोका आठपट.

हे वाचून पोटात गोळा येऊ शकतो. म्हणून लगेच दुसरी बाजूही सांगतो. ते सत्तरच्या दशकातले उपचार होते, दणकट आणि अंदाजानं दिलेले. त्यातून शिकून डॉक्टरांनी डोस कमी केले, ब्लड कॅन्सरच्या बहुतेक मुलांना डोक्याला शेक देणं थांबवलं. त्याचा फरक आकड्यांत दिसला. सत्तरच्या सुरुवातीला उपचार झालेल्यांत, पाच वर्षं पार केल्यानंतरच्या पुढच्या पंधरा वर्षांत १२.४ टक्के दगावत होते. नव्वदच्या दशकातल्यांत हेच प्रमाण सहा टक्क्यांवर आलं.

भारतातही असा अभ्यास सुरू आहे. देशभरातल्या वीसेक हॉस्पिटलांनी मिळून २०१६ पासून उपचार पूर्ण झालेल्या मुलांची नोंद ठेवायला घेतली आणि पाच हजारांहून जास्त मुलं त्यात आहेत. आपल्या हवामानातली, आपल्या जेवणातली, आपल्या एसटीनं प्रवास करणारी ही मुलं पुढं कशी जगतात, हे त्यातूनच कळत जाईल.

लाल सलाईन आणि हृदय

आता नेमकं काय होतं ते बघू. सगळं सांगत बसत नाही, कारण प्रत्येकाला सगळं होत नाही. ज्याला जे औषध मिळालं, त्याचा त्याला धोका. आणि तो धोकाच असतो, नशिबाचा लेख नव्हे.

सगळ्यात महत्त्वाचं हृदय. किमोतली डॉक्सोरुबिसिन आणि डॉनोरुबिसिन ही औषधं लालभडक असतात. सलाईनमधून जाताना दिसतात आणि नंतर लघवीही लाल होते. लहानपणी वॉर्डात राहिलेल्या अनेकांना औषधाचं नाव आठवत नाही, पण तो लाल रंग आठवतो. ही औषधं फार कामाची आहेत, हजारो मुलं त्यांच्यामुळे जिवंत आहेत. पण ती हृदयाच्या स्नायूंच्या पेशींनाही इजा करतात आणि हृदयाच्या पेशी त्वचेसारख्या सहज नव्यानं तयार होत नाहीत. सहा वर्षांच्या पोराचं हृदय मुठीएवढं. पुढं शरीर वाढतं, उंची वाढते, वजन वाढतं, पण ते सगळं ओढायला पेशी तेवढ्याच. म्हणून दहा-पंधरा-वीस वर्षांनी हृदय दमायला लागू शकतं. किती धोका, हे एकूण किती औषध मिळालं यावर ठरतं. छातीला शेक मिळाला असेल तर तो वाढतो. फार लहान वयात औषध मिळालेल्यांना आणि मुलींना तो जास्त असतो.

आणि हे आधी कळत नाही, हीच खरी गोम आहे. दम लागण्याच्या आधी काही वर्षं हृदयाची ताकद हळूहळू कमी होत असते. ती टूडी इकोत दिसते, आरशात दिसत नाही. वेळेत दिसली तर गोळ्या असतात, पथ्य असतं. म्हणून डोसप्रमाणे कुणाला दोन वर्षांनी, कुणाला पाच वर्षांनी इको करायला सांगतात. मुलींनी गरोदरपणाच्या आधी एकदा नक्की करायचा, कारण त्या नऊ महिन्यांत हृदयावर मोठा भार येतो.

आता भरतीचा विचार करा. आपल्याकडं पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावायचं, गोळाफेक करायची. मुलींना ८०० मीटर. जालन्यातल्या कुठल्याही मैदानावर पहाटे गेलात की निम्मा जिल्हा पळताना दिसतो. लहानपणी कॅन्सर झालेल्यानं पळू नये, असं अजिबात नाही. उलट व्यायाम हवाच. पण सराव सुरू करण्याआधी एक इको आणि डॉक्टरांशी दहा मिनिटं बोलणं, एवढं करायलाच हवं. जिममध्ये श्वास रोखून जड वजन उचलण्याबद्दल तर आवर्जून विचारा. आणि पुडी? गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर तो किती सहज मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. ज्याच्या अंगानं आधीच किमो आणि शेक झेललाय, त्याच्यासाठी तंबाखू म्हणजे धोक्यावर धोका.

दुसरी गोष्ट डोक्याची. जुन्या पद्धतीत ब्लड कॅन्सरच्या मुलांना डोक्याला शेक द्यायचे, मेंदूच्या गाठीसाठी तो आजही द्यावा लागतो. त्यामुळे काहींची उंची कमी राहते, काहींचं थायरॉईड मंदावतं आणि काहींना गणित, लक्ष लागणं, पटापट लिहिणं जड जातं. या पोरांना शाळेत काय ऐकावं लागतं, ते वेगळं सांगायला नको. ढ, आळशी, घरच्यांनी लाडावलेला. मुलगा तीन तासांच्या पेपरात अडीच तासांचाच पेपर लिहून उठतो आणि स्वतःलाही तेच म्हणायला लागतो. कारण माहीत असतं, तर निदान शिव्या तरी स्वतःला घातल्या नसत्या.

बाकीचं थोडक्यात. सिस्प्लॅटिननं ऐकू कमी येऊ शकतं, आयफॉस्फामाईडनं किडनीला त्रास होऊ शकतो, स्टिरॉईडनं हाडं ठिसूळ होतात, खुब्याचं हाड झिजू शकतं. मुलीच्या छातीला शेक मिळाला असेल, तर स्तनांची तपासणी इतर बायकांपेक्षा खूप आधी, साधारण पंचविशीपासूनच सुरू करायला सांगतात. दुसरा एखादा कॅन्सर होण्याचा धोकाही इतरांपेक्षा थोडा जास्त असतो.

परळमधली ओपीडी

हे सगळं बघायचं कुणी? मुंबईत परळला टाटा मेमोरियलमध्ये १९९१ च्या फेब्रुवारीत एक वेगळी ओपीडी सुरू झाली. डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकारानं सुरू झालेलं हे देशातलं अशा प्रकारचं पहिलं क्लिनिक. नाव ‘अॅक्ट’, आफ्टर कम्प्लिशन ऑफ थेरपी. उपचार संपून साधारण दोन वर्षं झाली की मूल इथं येतं. इथले डॉक्टर कॅन्सर परत आला का, एवढंच बघत नाहीत. उंची-वजन, हृदय, हार्मोन, शाळा, झोप, घरातलं वातावरण, नोकरी, लग्न, सगळं विचारतात. डॉक्टरांबरोबर मानसोपचाराची आणि समाजसेवेची माणसं असतात.

या ओपीडीच्या रांगेतला माणूस पेशंट म्हणावा की नाही, हाच प्रश्न असतो. कुणी इंजिनीअर, कुणी शिक्षिका, कुणी आपलं बाळ घेऊन आलेली. आणि याच हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर किंवा बाहेरच्या फुटपाथवर, आजच निदान झालेलं एक पोर आणि हबकलेले आई-बाप बसलेले असतात. या दोघांची गाठ पडावी, म्हणून २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीनं ‘उगम’ हा गट सुरू केला. लहानपणी कॅन्सर झालेली, आता मोठी झालेली मुलंच तो चालवतात. डॉक्टरनं ‘बरा होईल’ म्हणणं वेगळं आणि समोर उभ्या असलेल्या पंचवीस वर्षांच्या ताईनं ‘मलाही हेच झालं होतं’ म्हणणं वेगळं.

मग लोक जात का नाहीत?

जालना ते मुंबई रेल्वेनं सव्वाचारशे किलोमीटरच्या वर. उपचार चालू असताना हे अंतर लोक कसं काढतात, ते बघायचं असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत एकदा जाऊन या. मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं तिथं महिनोन्महिने राहिलेली सापडतील. एक जण पोरापाशी, एक जण गावी कापूस वेचायला. पहिल्या वर्षी जमीन गहाण पडते, दुसऱ्या वर्षी विकली जाते. पोर बरं होतं. पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी तपासणी. मग ‘आता वर्षातून एकदा या’ असं डॉक्टर म्हणतात. आणि त्या वर्षी नेमका पाऊस नसतो, नाहीतर मोसंबीला भाव नसतो.

पुढच्या वर्षी जाऊ, असं ठरतं. ते पुढचं वर्ष येतच नाही.

पण पैशाइतकंच, कधी त्याहून जास्त, आणखी एक गोष्ट आड येते. ती पोरांच्या मनात असते. माझ्यामुळे रान गेलं. माझ्यामुळे ताईचं शिक्षण थांबलं. आता परत इकोला पैसे मागू? ही भाषा ती कुणापाशी बोलत नाहीत. काही दुखलं तरी सांगत नाहीत. साधा ताप आला तरी रात्रभर गळ्याखाली, काखेत गाठ चाचपत बसतात आणि सकाळी ‘काही नाही, अॅसिडिटी आहे’ म्हणतात. जगभर या मुलांशी बोललेले मानसोपचारतज्ज्ञ हेच सांगतात, की आजार परत येण्याची भीती उपचार संपल्यावर संपत नाही. भीतीवर बोललं की ती जरा लहान होते. पण बोलायचं कुणाशी? आईपाशी बोललं तर आई रडणार.

तिसरी अडचण साधी आणि अगदीच कारकुनी आहे. लहान मुलांचे डॉक्टर अठरा वर्षांपर्यंत बघतात. त्यानंतर मोठ्यांचे डॉक्टर. मोठ्यांच्या डॉक्टरांना तुमचा इतिहास माहीत नसतो आणि तुम्हालाही नसतो. आतापर्यंत फाईल आईच्या पिशवीत होती, तारखा बाबांच्या डायरीत होत्या.

एक पानाचा कागद

म्हणून सगळ्यात आधी त्या फाईलमधून एक पान तयार करा. अमेरिका-युरोपात त्याला सर्व्हायव्हरचा पासपोर्ट म्हणतात, त्यासाठी ऑनलाइन सोयीही आहेत. आपल्याकडं डॉक्टर त्याला ‘ट्रीटमेंट समरी’ म्हणतात. आजाराचं पूर्ण नाव आणि तारीख. कोणती औषधं, आणि त्या लाल औषधाचा एकूण डोस किती. शेक कुठं दिला, किती दिला. ऑपरेशन कोणतं. रक्त चढवलं होतं का. उपचार कोणत्या तारखेला संपले. आणि पुढं कोणती तपासणी किती वर्षांनी करायची. फाईल हरवली असेल तरी केस नंबर असला की हॉस्पिटलच्या नोंदींतून हे मिळवता येतं. नंबरही नसेल, तर नाव, वय आणि साल घेऊन रेकॉर्ड विभागात विचारायचं.

हा कागद हातात असला की मुंबईची निम्मी फेरी वाचते. इको जालन्यात होतो. थायरॉईडची, किडनीची तपासणी जालन्यात होते. जिल्हा रुग्णालय आहे, २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आलंय. साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर हॉस्पिटल आहे, जे आता राज्य कर्करोग संस्था आहे. एमबीबीएस झालेला कुठलाही डॉक्टर त्या कागदावर नजर टाकून म्हणू शकतो, ‘अरे, तुला हे औषध मिळालंय, इको कधी झाला?’ कागद नसेल तर तो डॉक्टर काय करणार? समोर एक ठणठणीत दिसणारं पोरगं आहे, बीपी बरं आहे. व्हिटॅमिनची गोळी देऊन पाठवणार.

आणि मुंबईला जावंच लागलं, तर एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला सवलत आहे आणि ती उपचारांपुरती नाही, वेळोवेळीच्या तपासणीलाही आहे. स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं तिकीट माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट. हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र घ्यावं लागतं, एवढंच. ज्यांची दृष्टी, ऐकणं किंवा हात-पाय उपचारांत कायमचे अधू झालेत, त्यांनी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायला लाजू नये. चाळीस टक्के किंवा जास्त असेल, तर परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळू शकतात. ही मेहेरबानी नाही, नियम आहे.

सोयरिकीच्या बैठकीत

आता तो प्रश्न, जो सगळ्यांच्या मनात असतो. लग्न.

फाईल पेटीच्या तळाशी जाते, त्याचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं. मुलगी असेल तर ती आणखी खोल जाते. भारतातल्या हॉस्पिटलांच्या नोंदींत कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा बरीच जास्त दिसते आणि सगळाच फरक काही निसर्गाचा नाही. मुलीला मुंबईला न्यायचं की नाही, याचाही काही घरांत विचार होतो. जिला नेलं, बरं केलं, तिच्या सोयरिकीच्या वेळी मग सगळं घर गप्प बसतं. नंतर तपासणीला जायचं तर सासरी काय सांगायचं? म्हणून तपासणीच बंद. एका लपवलेल्या वाक्यासाठी वीस वर्षांचे इको बुडतात.

लपवण्यामागची भीती किती खरी आहे, ते तरी बघू. हिला मूल होईल का? काही औषधांनी आणि काही ठिकाणच्या शेकानं मूल होण्यात अडचण येऊ शकते, हे खरंय. पण अनेकांना ती येत नाही आणि तपासून कळू शकतं. होणाऱ्या मुलाला कॅन्सर होईल का? बहुतेक कॅन्सरमध्ये, नाही. आई किंवा वडिलांना लहानपणी किमो मिळाली म्हणून बाळात व्यंग येतं किंवा बाळाला कॅन्सर होतो, असं मोठमोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. थोडे प्रकार आनुवंशिक आहेत. डोळ्याच्या पडद्याचा रेटिनोब्लास्टोमा हा त्यातला एक. तो आनुवंशिक असेल, तर बाळाचे डोळे जन्मल्यापासून तपासायचे असतात आणि तेव्हा तर घरच्यांना माहीत असणं फारच गरजेचं.

कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पहिल्या भेटीत चहा-पोह्यांबरोबर सांगायची सक्ती नाही. पण ज्याच्याबरोबर आयुष्य काढायचंय, त्याला लग्नाआधी माहीत असावं, असं मला वाटतं. तोच माणूस पुढं इकोला सोबत येणार असतो. फ्रान्समध्ये तर २०१६ पासून कायदाच आहे, उपचार संपून ठरावीक वर्षं झाली की कर्जासाठीच्या विम्याचा अर्ज भरताना जुना कॅन्सर सांगायची गरज नाही. आता ती मुदत पाच वर्षांची आहे. आपल्याकडं असा कायदा नाही. इथं आरोग्य विमा काढताना जुना आजार सांगावा लागतो. लपवला तर क्लेमच्या वेळी अंगलट येतं. जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत मात्र २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणलीय. नोकरीला लागेपर्यंत वाट न बघता ती मुदत आधीच सुरू करून टाकलेली बरी.

वर्गातल्या बाकीच्यांसाठी

तुमच्या वर्गातल्या कुणी तुम्हाला सांगितलं, की मला लहानपणी कॅन्सर झाला होता, तर कृपा करून ‘अरे तू तर योद्धा!’ म्हणू नका. योद्ध्याला रडता येत नाही, दमता येत नाही. आणि जे पोर शेजारच्या खाटेवरून घरी परतलं नाही, ते काय कमी लढलं होतं? ‘वाटत नाही रे तुझ्याकडं बघून’ हेही नको. आणि हो, कॅन्सर संसर्गजन्य नाही, डबा वाटून खा. मागच्या बाकावर हळूच विचारलेला ‘तपासणीला कधी जायचंय? मी येऊ का?’ हा प्रश्न पुरेसा असतो.

हेली आर्सेनो ही अमेरिकन मुलगी दहा वर्षांची असताना तिला हाडाचा कॅन्सर झाला. पायात धातूचा सांधा बसला. पुढं ती ज्या सेंट ज्यूड हॉस्पिटलात बरी झाली, तिथंच काम करायला लागली आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये तोच सांधा घेऊन तीन दिवस अवकाशात फिरून आली. छान गोष्ट आहे, पण सगळ्यांनी अवकाशात जायची गरज नाही. बी.कॉम. पूर्ण करून अंबडच्या पतसंस्थेत नोकरी, संध्याकाळी मित्रांबरोबर चहा, वर्षातून एकदा इको, हेही आयुष्य भरपूर आहे.

तपासणीची तारीख दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मागून घ्या, सांगितलं तर ओपीडीत बहुतेक वेळा समजून घेतात. इंटर्नलच्या दिवशीच आली, तर क्लास टीचरला आधी सांगा. आजाराचं नाव सांगायची गरज नाही, ‘हॉस्पिटलची वार्षिक तपासणी’ एवढं बास. परत आल्यावर शिक्का मारलेला ओपीडी पेपर ऑफिसात द्यायचा तो झेरॉक्स द्या. मूळ प्रत फाईलला लावा.